खवला गळाला कधी?

म्हापशाच्या बाजारात इसवण घेणारी बाई आधी कल्ला उचलून बघते. कोई माशांच्या प्रदर्शनातला परीक्षकसुद्धा ताजेपणाच शोधत असतो, पण माशाचा नव्हे, जखमेचा.

कोई म्हणजे जपानच्या निइगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी जोपासलेला रंगीत कार्प. प्रदर्शनात आधी अंगाचा बांधा बघतात, मग कातडीचा कस, मग नक्षी. मासा येतो प्राणवायू भरलेल्या पिशवीतून, धक्के खात. वाटेत पर फाटतो, एखादा खवला गळतो. अशा ताज्या जखमेकडे परीक्षक सहसा काणाडोळा करतात. दोन मासे अगदी तुल्यबळ निघाले, तर मात्र ती आड येते. जुनी, वाकडी सांधलेली चीर थेट व्यंगात जमा.

फरक कळतो कसा? खवला कौलासारखा वरून ठेवलेला नसतो. त्याचं मूळ आतल्या कातडीत असतं आणि वरून पातळ त्वचेचं पांघरूण असतं. खवला गळाला की ते फाटतं. काही तासांतच कडेच्या पेशी सरकत येऊन जखम झाकू लागतात. पुढे नवा खवला उगवतो, पण त्याच्या मध्यभागी वाढीची वर्तुळं नसतात. खवल्यावरून माशाचं वय मोजणारे अभ्यासक असा खवला बाजूलाच टाकतात. पराचंही तसंच: कडा स्वच्छ, किंचित लालसर, तर चीर नुकतीच गेलेली. कडेला कापसासारखी बुरशी दिसली, तर ते दुखणं घरूनच आणलेलं.

पांढऱ्या अंगावर उमटणाऱ्या लाल रेषांची गोष्ट वेगळी. प्रवासाच्या ताणाने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. विसावा मिळाला की बहुधा ओसरतात. पण परीक्षक गुण देणार समोर दिसेल त्याला. म्हणून जाणकार मासा आदल्या दिवशीच नेतात, त्याआधी दोन-चार दिवस उपाशी ठेवतात आणि पिशवीचे कोपरे बांधून गोल करतात, नाहीतर मासा तिथे तोंड खुपसून अडकतो.

मी ते कोपरे बांधले नव्हते. गेल्या मे महिन्यात बेळगावहून चोर्ला घाटातून लाल-पांढरा कोहाकू आणला आणि फोंड्याला पोचेपर्यंत त्याच्या पाठीवरचा एक खवला गेला. वहिनी म्हणाली, “भावजी, हळद लावा!” लावली नाही. बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवलं, मग मासा उचलून आत सोडला आणि पिशवीतलं पाणी ओतून दिलं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्लधर्मी होतं, त्यामुळे माशाने टाकलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. तोंड उघडलं की वायू उडतो, आम्लता घटते आणि तोच अमोनिया विषारी होतो. उघड्या पिशवीत तासभर थोडंथोडं पाणी मिसळत बसणं म्हणजे माशाला त्यातच कोंडणं. टाकीत लिटरमागे तीन ग्रॅम मीठ घातलं, कारण उघड्या जखमेतून गोडं पाणी अंगात शिरत राहतं.

चतुर्थीपर्यंत खवला भरून आला. लाल पट्ट्यात तेवढीच जागा किंचित फिकी आहे. पाहुण्यांना दिसत नाही, परीक्षकाला दिसेल.