आधी कॅप आली, मग उपचार

विदर्भातल्या खेड्यात दाढ ठणकायला लागली की पहिले काही दिवस लवंग दाबून निघतात. जुन्या बायका अजून भुईरिंगणीच्या बियांची धुरी देतात. तेवढ्यानं भागलं नाही की तालुक्याची एसटी धरायची आणि खुर्चीत बसल्या बसल्या सांगायचं, "डॉक्टर, काढूनच टाका नं ते दाढ." दात वाचू शकतो, रूट कॅनल करून, म्हणजे आतली नस काढून, वर दात झाकणारी टोपी, म्हणजे कॅप, बसवता येते, असं समजावलं तरी माणूस मान हलवतो. गावातल्या कुणीतरी कॅप बसवलेली असते, तिच्याखाली दात सडलेला असतो, तोंडाला वास सुटलेला असतो आणि शेवटी दाढ गेलेलीच असते. या अविश्वासामागे खरा अनुभव आहे. आपल्याकडे कॅप पोचली तेव्हा तिच्याखाली करायचा उपचार तिच्यासोबत आला नव्हता.

जगाच्या इतिहासातही क्रम असाच उलटा होता. आजच्या इटलीत राहणारे एट्रुस्कन लोक इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराला सोन्याच्या पट्ट्या दातांभोवती वळवून त्यांत पडलेल्या दाताच्या जागी दुसरा दात अडकवत. ते काम देखणं होतं, पण किडलेल्या दाताचा इलाज त्यात नव्हता. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच शल्यचिकित्सकानं दंतचिकित्सेवर दोन खंडांचा ग्रंथ छापला. दात किड्यांमुळे पोखरतो ही हजारो वर्षांची समजूत त्यानं खोडून काढली. तुटलेल्या दाताच्या मुळात खुंटी बसवून तिच्यावर नवा दात चढवायची रीतही त्यात सांगितली. १७४६ मध्ये त्याच्याच देशातल्या क्लोद मूतोंनं दाढेवर चढवायच्या सोन्याच्या टोपीचं वर्णन केलं. कल्पना एवढी जुनी असूनही पुढची दीडशे वर्षं ती बहुतांशी श्रीमंतांच्या तोंडातच राहिली. दात कोरायला चांगलं यंत्र नव्हतं, वेदना थांबवायला बराच काळ चांगलं औषध नव्हतं, आणि दाताच्या नेमक्या आकाराची टोपी ओतता येत नव्हती. पत्रा ठोकून बनवलेली टोपी कडेला थोडी उघडी राहतेच. तिथून लाळ आत जाते, अन्न अडकतं आणि दात आतून पोखरत राहतो.

ही अडचण १९०७ मध्ये सुटली, आणि माझ्या मते या सगळ्या कथेत सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्यानं मेणाचा नमुना करून तो साच्यात बंद केला, तापवून मेण वितळवून काढलं आणि रिकाम्या जागेत वितळलेलं सोनं दाबानं भरलं. गडचिरोलीच्या पलीकडे बस्तरमधले घडवा कारागीर पितळेच्या मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या याच तत्त्वावर घडवत आले आहेत. टॅगर्टनं तीच प्रक्रिया दाताच्या मापाला आणून बसवली. त्यामुळे दात आणि धातू यांच्यात केसाएवढीही फट राहू न देण्याचा प्रयत्न पहिल्यांदा शक्य झाला. कॅप म्हणजे दागिना की उपचार, हे त्या फटीवर ठरतं.

बाकीच्या गोष्टी हळूहळू जुळत गेल्या. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि मुळाच्या टोकाशी काय चाललंय ते दिसू लागलं. १९०५ मध्ये नोव्होकेन आलं, १९४०च्या दशकात लिडोकेन, आणि दात बधिर करून शांतपणे काम करता येऊ लागलं. डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण चिनीमातीची टोपी प्रचारात आणली. ती दिसायला सुंदर होती, पण दाढेवर चावताना फुटायची. १९६२ मध्ये तापल्यावर धातूइतकीच प्रसरण पावणारी चिनीमाती तयार झाली आणि धातूवर चिनीमातीचा थर चढवता येऊ लागला. आज तालुक्याच्या दवाखान्यात ज्याला 'सिरॅमिक कॅप' म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. १९५७ मध्ये हवेच्या झोतावर मिनिटाला लाखो फेरे घेणारं दात कोरायचं यंत्र, एअरोटर, बाजारात आलं, तोवर पायाने किंवा पट्ट्याने चालणाऱ्या यंत्रांनी दात घासणं म्हणजे दोघांचीही परीक्षा असे. सोनं मागे पडलं ते १९७०च्या दशकात भाव भडकल्यावर. त्याची जागा निकेल-क्रोमियम, कोबाल्ट-क्रोमियम अशा स्वस्त मिश्रधातूंनी घेतली, आणि कॅप सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली ती त्यामुळेच.

आता आपल्याकडे. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झालं. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आलं १९६८ मध्ये, आणि वर्ध्याजवळ सावंगीला १९९१ मध्ये. म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दशकं उलटेपर्यंत अख्ख्या विदर्भात दंतवैद्य घडवणारं सरकारी महाविद्यालय नव्हतं. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाच्या सिरोंच्यापासून नागपूर आजही ३०० किलोमीटरहून लांब आहे. १९४८च्या दंतवैद्य कायद्यानं नोंदणी सक्तीची केली. पदवी नसलेल्या पण किमान पाच वर्षं हेच काम करून पोट भरणाऱ्यांसाठी नोंदवहीत वेगळा भाग ठेवला. त्यांच्यातले कित्येक पिढीजात कसबी होते. पण या नोंदवहीबाहेर, आठवडी बाजारात सतरंजी टाकून बसणारे दातवाले राहिलेच.

आपल्या भागात कॅप प्रथम पोचली ती या सतरंजीवरून. समोरच्या धडधाकट दातावर सोनेरी पत्रा चढवायचा, लग्नाआधी, जत्रेत, हौसेनं. कीड लागलेल्या दातावरही तसाच पत्रा चढवायचा, आतली कीड न काढता. पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांना तार बांधून लाल-गुलाबी मसाला ओतून 'फिक्स दात' करायचा. वीज नाही, एअरोटर नाही, एक्स-रे नाही. दातवाल्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. लोकांच्या दारात येणारा तेवढा एकच माणूस होता. पण त्या पत्र्याखाली दात सडले, हिरड्या सुजल्या, आणि 'कॅप टिकत नाही' हे गावानं कायमचं मनात धरलं.

खऱ्या उपचारात कॅप शेवटी येते. दाताचं वरचं कवच एकदा गेलं की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. कीड आतल्या नसेला पोचली की रूट कॅनल करून आतली नस काढावी लागते आणि मुळं भरावी लागतात. गावाकडे याला 'नस मारली' म्हणतात. दाढेतून आधीच कीड आणि वरचं छत गेलेलं असतं, उरतात त्या पातळ भिंती. चावताना सगळा भार त्याच भिंतींवर येतो आणि एखादी सुपारी, एखादा फुटाणा त्यांना उभी चीर पाडतो. ती चीर मुळात उतरली की दात वाचत नाही. कॅप या भिंतींना चारही बाजूंनी कवळून धरते. त्यासाठी दात सगळीकडून एक-दोन मिलिमीटर घासतात, माप घेतात, ते लॅबमध्ये पाठवतात, आणि तयार टोपी सिमेंटनं चिकटवतात. हिरडीच्या वर साधारण दोन मिलिमीटर धड दात शिल्लक असला तर पकड चांगली बसते. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेशी, हिरडीलगत, कॅपखालच्या दाताला लागते. म्हणून तिथे घासणं आणि वर्षाकाठी एकदा दाखवणं टाळता येत नाही.

आणि इथेच आपलं गाडं अडतं. रूट कॅनलला दोन-तीन खेपा, कॅपला आणखी दोन. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. कापसाची वेचणी सुरू असेल तर बाई येऊच शकत नाही. नस काढली की दुखणं थांबतं, आणि दुखणं थांबलं की पुढची तारीख राहून जाते. सहा-आठ महिन्यांनी ती दाढ दोन फाकांत घेऊन माणूस परत येतो, आणि गावात आणखी एक किस्सा पसरतो की रूट कॅनल करूनही दात गेलाच. काही ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक आहेत, पण दात काढणं आणि भरणं त्यांच्या हातात असतं. कॅपला लॅब लागते, आणि रुग्णाला शहराकडे पाठवावं लागतं. आधीच खेपांना थकलेला माणूस तिथवर जात नाही. हे मला फार लागतं, कारण दातावरचं अवघड काम तोवर झालेलं असतं.

यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको असं मानक आहे. लहानपणी, दात हिरडीखाली घडत असतानाच असं पाणी पोटात गेलं तर कवच कच्चं राहतं. सौम्य असेल तर पांढरे-तपकिरी डाग पडतात, तीव्र असेल तर कवचाचे ढलपे निघतात. अशा दातांना झाकायला कॅप उपयोगी पडते, पण वाढत्या पोरांच्या तोंडात ती लगेच बसवत नाहीत. त्यांना आधी चांगलं पाणी लागतं.

पूर्व विदर्भात खर्रा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिवसभर गालात धरलेला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, खर्रा पानठेल्यांवर चालूच राहिला. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करतंय. खर्ऱ्यातली सुपारी दात झिजवते, चिरा पाडते. तिच्यामुळे गालाची आतली कातडी ताठर होऊन तोंड उघडेनासंही होतं. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. ज्याच्या तोंडात एकच बोट जातं, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत एअरोटर पोचत नाही. नागपूर, वर्धा, अमरावतीच्या दवाखान्यांत आता तोंडातच स्कॅन करून झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या कणखर सिरॅमिकची, कॅप यंत्रावर कोरून मिळते, मापाची खेप वाचते. पण तोंडच न उघडणाऱ्या माणसाला त्या स्कॅनचा कॅमेराही आत घेता येत नाही.