केल्पचं उरलेलं अर्धं आयुष्य

केल्प म्हणजे थंड समुद्रातलं मोठं तपकिरी शैवाल. त्याच्या पात्यावर गडद चट्टे उठतात आणि त्यातून बीजाणू सुटतात, एवढं एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होतं. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्ताव थ्युरे यांनी १८५४ मध्ये फ्युकस या दुसऱ्या तपकिरी शैवालातलं फलन दाखवलं. त्याची अंडी मोठ्या शैवालावरच तयार होतात. केल्पवर अंडी काही सापडेनात, तेव्हा बीजाणूतून थेट नवा केल्प उगवतो असं धरून चालले.

१९१५ मध्ये कामीय सोव्हाझो यांनी सॅकोरायझा या केल्पसारख्या शैवालाचे बीजाणू रुजवले, तेव्हा त्यातून उगवले नुसत्या डोळ्यांना न दिसणारे तंतू. नर वेगळे, मादी वेगळी. अंडं आपल्या पेशीतून बाहेर येऊन रिकाम्या कवचाच्या तोंडाशीच बसतं, तिथंच फळतं आणि तिथूनच नवं पातं वर येतं. पुढच्याच वर्षी क्युलिन यांना लॅमिनेरिया या केल्पमध्येही हेच आढळलं.

आजही प्रयोगशाळेत हा टप्पा पाहायचा तर पिकलेला चट्टा कापून स्वच्छ पुसतात, रात्रभर थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात आणि सकाळी सुमारे १० अंशांच्या निर्जंतुक समुद्राच्या पाण्यात सोडतात. तासाभरात बीजाणू बाहेर पडतात. पुसण्यात कसर राहिली की डायटम नावाची सूक्ष्म शैवालं माजतात आणि तंतू गुदमरतात. नुसत्या लाल प्रकाशात तंतू वाढत राहतात, पण अंडी धरत नाहीत. त्यासाठी निळा प्रकाश लागतो.

मोठ्या केल्पची वाढ मोजणंही फसवं. पातं देठाजवळ वाढतं आणि टोकाला झिजतं, त्यामुळं नुसत्या लांबीवरून काही कळत नाही. म्हणून पात्याच्या बुडाशी भोक पाडून ते किती वर सरकलं ते मोजतात. मेरी पार्क यांनी १९४८ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या केल्पबद्दल लिहिलं: जानेवारी ते जून वाढ जोरात, नंतर मंद.

ऐन उन्हाळ्यात, भरपूर उजेडात, वाढ का थंडावते? चॅपमन आणि क्रेगी यांनी १९७७ मध्ये कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या केल्पवरून उलगडा केला. हिवाळ्यात पाण्यात नायट्रेट, म्हणजे वाढीला लागणारा नायट्रोजन पुरवणारा क्षार, मुबलक असतं, ते केल्प साठवतो आणि पाण्यातलं संपल्यावरही काही काळ त्यावर वाढतो. उन्हाळ्यात नायट्रोजन तुटतो, मग तयार झालेली साखर लॅमिनरिन या साठवणीच्या पदार्थाच्या रूपात साठते आणि हिवाळ्यात कामी येते.

नवं पातं केव्हा फुटायचं हे काही जातींत रात्र ठरवते. क्लाउस ल्युनिंग यांनी १९८६ मध्ये लॅमिनेरिया हायपरबोरियात ते दाखवलं: दिवस लहान ठेवले की पातं फुटतं, पण लांब रात्रीच्या मध्यावर थोडा उजेड पाडला की फुटत नाही.