जगप्रदक्षिणेची वाट कशी ठरली: आगबोटी, लोहमार्ग आणि वाटेवरची जुनी स्थळं

जगाची फेरी करताना कोणती ऐतिहासिक स्थळं पाहायची, याची एक यादी बहुतेकांच्या डोक्यात तयार असते. ती इतिहासकारांनी केलेली नाही. आगबोटींना कोळसा कुठे मिळतो, लोहमार्ग कुठे येऊन मिळतो आणि समुद्र कोणत्या महिन्यात खवळतो, यावरून ती ठरत गेली. आग्रा, काशी, कैरो आणि जपानचं कामाकुरा या यादीत पहिल्यापासून आहेत. कंबोडियाचं अंकोर, जावाचं बोरोबुदूर, हंपी, विजापूर बराच काळ नव्हती. स्थळांच्या थोरवीत उणंपुरं काही नव्हतं, पण त्यांच्यापर्यंत वाट जात नव्हती.

पगारदार किंवा व्यापारी माणसाला तिकीट काढून पृथ्वीप्रदक्षिणा करता येईल, अशी परिस्थिती १८६७ ते १८७० या चार वर्षांत तयार झाली. जानेवारी १८६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून योकोहामा आणि हाँगकाँगला नियमित आगबोट सुरू झाली. १० मे १८६९ रोजी युटामध्ये अमेरिकेचा पूर्व-पश्चिम लोहमार्ग जोडला गेला. त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला सुएझ कालवा खुला झाला. आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून येणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ जबलपूरला ईस्ट इंडियन रेल्वेच्या रुळाला मिळाला. मुंबई ते कलकत्ता सलग गाडी झाली.

हा शेवटचा सांधा जगाच्या इतिहासात फारसा सांगितला जात नाही, पण त्यामागचं काम फार अवघड होतं. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या थळ घाटात चढ ३७ मीटरला १ मीटर इतका उभा आहे. मधे डोंगराच्या कडेला गाडी उलट दिशेने फिरवणारं स्थानकही बांधावं लागलं होतं. घाट १८६५ मध्ये पुरा झाला आणि पुढे भुसावळ, खांडवा, इटारसी करत मार्ग जबलपूरला पोचला. ज्यूल व्हर्नच्या जगप्रसिद्ध कादंबरीतला साहेब ऑक्टोबर १८७२ मध्ये मुंबईत उतरतो आणि अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपल्यामुळे हत्ती विकत घेतो. प्रत्यक्षात तो मार्ग तेव्हा अडीच वर्षं सुरू होता. हत्तीशिवाय कथा रंगली नसती, एवढंच.

कालव्याचा एक परिणाम सहसा लक्षात येत नाही. तांबड्या समुद्रातले वारे शिडाच्या जहाजांना सोयीचे नाहीत, त्यामुळे कालव्याचा फायदा फक्त आगबोटींना झाला. आगबोटीला ठरावीक अंतरावर कोळसा लागतो. म्हणून एडन, कोलंबो, पेनांग, सिंगापूर, हाँगकाँग ही बंदरं प्रवाशांच्या मुक्कामाची ठिकाणं झाली आणि बंदरापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल ते सारं ‘पाहण्यासारखं’ ठरलं.

इंग्रज सहल-आयोजक थॉमस कुक यांनी पहिली सशुल्क जगसहल काढली ती सप्टेंबर १८७२ मध्ये लिव्हरपूलहून. ती २२२ दिवस चालली. मंडळी मोजकीच होती. क्रम असा: न्यूयॉर्क, नायगारा, शिकागो, सॉल्ट लेक सिटी, सॅन फ्रान्सिस्को, जपान, शांघाय, हाँगकाँग, सिंगापूर, पेनांग, सिलोन, मद्रास, कलकत्ता, मग रेल्वेने उत्तर हिंदुस्थान करून मुंबई, एडन, सुएझ आणि इजिप्त.

दिशा आणि महिना दोन्ही विचारपूर्वक निवडलेले होते. सप्टेंबरअखेर निघालं की हिवाळी वादळांपूर्वी अटलांटिक पार होतो, जपानला पानगळीत पोचता येतं, हिंदुस्थानात थंडी लागते आणि अरबी समुद्र शांत असताना मुंबई सोडता येते. हीच फेरी मार्चमध्ये सुरू केली असती, तर मंडळी भर पावसाळ्यात मुंबईच्या धक्क्यावर अडकली असती. पश्चिमेकडे जाण्याचा आणखी एक फायदा आहे. रोजचा दिवस थोडा लांबतो, तो कमी होत नाही, आणि शरीराला तेच सोपं जातं. विमानप्रवासातही हा नियम तसाच लागू होतो.

आता वाटेवरची स्थळं पाहू. कामाकुराचा ब्रॉन्झ बुद्ध साऱ्या जगाला परिचित झाला तो केवळ शिल्प म्हणून नव्हे. त्या काळी परदेशी माणसाला जपानमध्ये तहाने खुल्या केलेल्या बंदरापासून १० री, म्हणजे साधारण ३९ किलोमीटरपर्यंतच परवान्याशिवाय फिरता येई. कामाकुरा योकोहामाच्या त्या वर्तुळात बसत होतं. निक्को या देवळांच्या गावासाठी वेगळा अंतर्गत परवाना काढावा लागे. ही बंधनं १८९९ मध्ये उठली, तोवर बुद्धाची छायाचित्रं घरोघरी पोचली होती.

श्रीलंकेत नेमकं उलटं घडलं. बोटी आधी गॉलला थांबत, त्यामुळे प्रवासी तिथला डच किल्ला सहज पाहत. कोलंबोला लाटारोधक बांध झाला आणि १८८० च्या दशकात बोटी तिकडे वळल्या. गॉलचा किल्ला जागच्या जागीच होता, पण परदेशी पाहुण्यांच्या वाटेवरून तो उतरला. १९८८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आल्यावर लोक पुन्हा तिकडे जाऊ लागले.

कैरोची गोष्ट जुनी. कालव्यापूर्वी सुएझची संयोगभूमी जमिनीवरून ओलांडावी लागे: अलेक्झांड्रियाहून नाईलमार्गे कैरो आणि तिथून वाळवंटातून घोडागाडीने सुएझ. १८५८ पासून कैरो-सुएझ रेल्वे होती. त्यामुळे पिरॅमिड वाटेवरच येत. कालवा झाल्यावर बोट कैरोला न जाता सरळ पुढे निघून जाऊ लागली. मग प्रवासी एका टोकाला उतरून रेल्वेने कैरो करत आणि पुढची बोट पकडत. वाटेत उतरण्याची मुभा देणारं तिकीट ही त्या व्यवसायाची खरी नवलाई होती. पैशाची सोयही त्याच सुमारास झाली. कुक कंपनीने १८७४ मध्ये काढलेल्या चिठ्ठ्या परगावच्या हॉटेलात किंवा पेढीवर वटवता येत. प्रवासी धनादेशाची ती आधीची पायरी.

हिंदुस्थानात लखनौ आणि कानपूर यादीत येण्याचं कारण वास्तुकला नव्हतं. १८५७ ला पंधराच वर्षं झाली होती आणि इंग्रज प्रवाशाला लखनौच्या रेसिडेन्सीचे (इंग्रज अधिकाऱ्याच्या निवासाचे) भग्नावशेष पाहायचे असत. ‘ऐतिहासिक’ काय, हे पाहणाऱ्यावरही अवलंबून असतं.

मुंबईत बोटीची वाट पाहण्यात एकदोन दिवस मोकळे मिळत. अपोलो बंदरापासून घारापुरी सुमारे १० किलोमीटर, म्हणून तिथली लेणी जगप्रवाशांच्या टिपणांत सर्वत्र दिसतात. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी मेजवानीही तिथेच झाली. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो मात्र बेटावर शोधू नये. तो कोसळल्यावर त्याचे तुकडे १८६४ मध्ये मुंबईत आणले गेले. पुढे जोडलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. वेरूळसाठी मात्र मुख्य मार्ग सोडून नांदगावला उतरायचं आणि पुढे गाडीरस्त्याने जायचं, असा खटाटोप होता. मनमाडहून औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) मीटरगेज गाडी १९०० च्या सुमारास सुरू झाली. घारापुरीपेक्षा कितीतरी मोठं काम असूनही वेरूळ जगप्रवाशांच्या नजरेत उशिरा भरलं, ते यामुळे.

या वर्तुळाचा एक पुरा फेरा मराठी स्त्रीनेही केला होता आणि त्याची नोंद या अंगाने क्वचितच होते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये मुंबईहून इंग्लंडला गेल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत पोचल्या, १८८८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून पॅसिफिक ओलांडून जपान आणि हाँगकाँगमार्गे फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला परतल्या. पृथ्वी पश्चिमेकडून पुरी झाली. अमेरिकन पत्रकार नेली ब्लायची ७२ दिवसांची गाजलेली फेरी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सुरू झाली. रमाबाईंचा हेतू पर्यटन नव्हता, वेगही नव्हता. पण मार्ग तोच होता. पुढे १९२३ मध्ये मुंबईहून निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे पारशी तरुण सायकलवर सुमारे ७१,००० किलोमीटर करून १९२८ मध्ये परतले.

स्थळं टिकवण्याचे कायदे पाहुण्यांपाठोपाठ आले. ब्रिटनचा १८८२, जपानचा जुन्या मंदिरांसाठीचा १८९७, आपला प्राचीन स्मारक संरक्षण कायदा १९०४. बोरोबुदूरची पहिली मोठी दुरुस्ती १९०७ ते १९११ या काळातली, आणि अंकोरची देखभाल करणारी फ्रेंच यंत्रणाही १९०८ मध्येच सुरू झाली.

प्रत्येक देश आपापलं पाहील, ही कल्पना मोडली ती आस्वानच्या धरणामुळे. नाईलचं पाणी चढणार होतं, म्हणून ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला आवाहन केलं. १९६४ ते १९६८ मध्ये अबू सिंबलची दोन्ही मंदिरं करवतीने कापून, साधारण २० ते ३० टनांचे ठोकळे करून, सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे पुन्हा उभारली गेली. मागचा डोंगर खोटा आहे. त्याच्या पोटात काँक्रीटचा घुमट आहे. गाभाऱ्यात सूर्यकिरण पोचण्याचा दिवस एकाने सरकला, आता तो २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबर धरतात. या मोहिमेतूनच १६ नोव्हेंबर १९७२ चा जागतिक वारसा करार निघाला. १९७८ च्या पहिल्या यादीत १२ स्थळं होती. १९८३ मध्ये भारताची पहिली चार आली, त्यांत अजिंठा आणि वेरूळ होती. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले (११ महाराष्ट्रात, जिंजी तमिळनाडूत) आल्यावर एकूण यादी १,२४८ वर पोचली.

दरम्यान विमानांनी वाट नव्याने आखली. पॅन अॅमने जून १९४७ मध्ये जगाला वळसा घालणारी सेवा सुरू केली. तिच्या थांब्यांत इस्तंबूल, कराची, कलकत्ता होते, मुंबई नव्हती. अमेरिकेच्या आतला टप्पा मात्र या कंपनीला उडवायची परवानगी नव्हती, म्हणजे वर्तुळ कागदोपत्री अपुरंच. १९९७ आणि १९९९ मध्ये विमान कंपन्यांचे मोठे संघ झाले आणि आजचं जगफेरीचं तिकीट त्यांतून आलं. नियम साधारण असे: पूर्व किंवा पश्चिम अशी एकच दिशा, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच, सुरुवात आणि शेवट एकाच देशात, कमाल १६ टप्पे, मुदत १० दिवस ते एक वर्ष. काही तिकिटं खंड मोजतात, काही मैल. त्यांत २९,००० मैलांची (सुमारे ४६,७०० किलोमीटर) मर्यादा नेहमीची.

मुंबईहून हिशेब करून पाहा. मुंबई-फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क-सॅन फ्रान्सिस्को-टोकियो-सिंगापूर-मुंबई हे वर्तुळ सुमारे ३४,३०० किलोमीटर भरतं. जाताना कैरो घेतलं तर जेमतेम ७०० वाढतात. न्यूयॉर्कहून पेरूची राजधानी लिमा करून सॅन फ्रान्सिस्कोला गेलं, म्हणजे माचू पिचूसाठी वाट वाकडी केली, तर जवळजवळ ९,००० वाढतात. दोन्ही मिळून ४४,००० होतात आणि मर्यादेत बसतात. लिमाहून ईस्टर बेट जोडायला गेलं की मर्यादा ओलांडते. दोन विमानतळांमधलं अंतर बसने किंवा रेल्वेने कापलं तरी ते सहसा मैलांत आणि टप्प्यांत धरलं जातं; इथे अनेकांचा हिशेब चुकतो. एक उड्डाण न सांगता चुकवलं तर पुढची सगळी रद्द होतात. आणि तारीखरेषा विसरू नये: टोकियोहून संध्याकाळी निघालेलं विमान सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या सकाळी उतरतं, तर उलट जाताना एक तारीख गळते. हॉटेलचं आरक्षण एका दिवसाने चुकतं ते इथेच.

स्थळांच्या दारातही आता मोजदाद आहे. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसला दिवसाला २०,००० जणांची मर्यादा आहे, तीही वेळ ठरवून. पाँपेईतही तेवढीच, आणि तिकिटावर नाव लागतं. बोरोबुदूरच्या वर दिवसाला १,२०० जण, तेही तिथली खास चप्पल घालून. ताजमहाल शुक्रवारी बंद, घारापुरी आणि अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. अजिंठा आणि वेरूळ दोन दिवसांत करणाऱ्याने हे वार आधी जुळवावेत, कारण सोमवार-मंगळवार हा जोड त्याच क्रमाने घेतला तर दोन्हीकडे कुलूप भेटतं; क्रम उलटा केला की दोन्ही उघडी.

भारतीय पासपोर्टधारकाचा क्रम मात्र व्हिसा ठरवतो. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा सहसा १० वर्षांचा मिळतो, म्हणून तो टप्पा कुठेही ठेवता येतो. पण तिथे फक्त विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या अनेक देशांच्या एकत्रित व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी करता येत नाही आणि साधारणपणे राहत्या देशातूनच करावा लागतो. जपानचा एकवेळचा व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. त्यामुळे पश्चिमेकडे निघून युरोप आधी आणि जपान व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, हाच क्रम व्यवहार्य ठरतो. कुक यांच्या २२२ दिवसांच्या संथ चालीने निघालं आणि जपान शेवटी ठेवलं, तर तो व्हिसा वाटेतच संपेल. पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरायचं असेल तर पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला जवळ हवा. लस टोचल्यावर तो दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून ती निघण्याच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नये.