प्रवाळ विरंजन

प्रवाळ विरंजन : भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवले नाहीशी झाल्यामुळे किंवा त्या शैवलांतील रंगद्रव्य घटल्यामुळे प्रवाळ फिकट अथवा पांढरेशुभ्र पडण्याची क्रिया. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग बहुतांशी या शैवलांचा असतो. ती गेली की पॉलिपच्या (प्रवाळ बनवणाऱ्या लहान प्राण्याच्या) पारदर्शक ऊतीतून खालचा कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा दिसू लागतो. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. तो उपाशी असतो आणि काही आठवड्यांत पाणी निवले तर सावरूही शकतो. मृत प्रवाळावर थोड्याच दिवसांत तंतुमय शैवलांचा मळकट थर चढतो. पाहणीच्या वेळी हा फरक न केल्यास हानीचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो.

‘विरंजन’ हा शब्द कापड व कागद उद्योगातून आलेला आहे. येथे कोणत्याही रसायनाने रंग उडवलेला नसतो, तरीही संज्ञा रूढ झाली आहे आणि ती बदलण्याचे कारण दिसत नाही. मराठीत ‘पोवळे’ म्हणून ओळखले जाणारे नवरत्नांतील लाल प्रवाळ मात्र या नोंदीच्या कक्षेत येत नाही. ते भूमध्य समुद्रातील एका प्रजातीचे असून तिच्यात सहजीवी शैवले नसतात, ती भित्तीही बांधत नाही आणि तिचा रंग सांगाड्यातच असतो.

सहजीवी शैवले : कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये प्राण्यांच्या शरीरातील या पिवळसर पेशींना ‘झूझँथेला’ हे नाव दिले. १९६२ मध्ये सिंबायोडिनियम ही प्रजाती नोंदली गेली आणि पुढे कित्येक वर्षे सर्व प्रवाळांतील शैवले एकाच जातीची मानली जात. जनुकीय अभ्यासांनी ही समजूत मोडली. २०१८ च्या पुनर्मांडणीत जुन्या ‘अ, ब, क, ड’ शाखांना स्वतंत्र प्रजातींचा दर्जा मिळाला. त्यांपैकी ‘ड’ शाखेतील ड्युरसडिनियम शैवले उष्णता अधिक सोसतात, पण यजमानाला, म्हणजे त्यांना आश्रय देणाऱ्या प्रवाळाला, त्यांच्याकडून अन्न सहसा कमी मिळते.

निरोगी प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या आसपास शैवलपेशी असतात आणि प्रवाळाच्या ऊर्जेचा मोठा वाटा, काही जातींत ९० टक्क्यांपर्यंत, त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो. ही देवाणघेवाण सुरुवातीपासून मान्य नव्हती. १९२८–२९ च्या ग्रेट बॅरिअर रीफ मोहिमेचे प्रमुख सी. एम. यंग प्रवाळांना मुख्यतः मांसाहारी मानत व शैवलांचे काम टाकाऊ द्रव्ये काढून घेण्याचे आहे असे म्हणत. १९६० नंतर किरणोत्सारी कार्बन वापरून केलेल्या प्रयोगांनी शैवलांकडून यजमानाकडे जाणारे अन्न दाखवून दिले. गरम पाण्यात प्रवाळ शैवले बाहेर टाकतात, हे मात्र यंग आणि निकोल्स यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते.

कारणे : विरंजन हा ताणाला मिळणारा सामान्य प्रतिसाद आहे. थंडीची लाट, गोड्या पाण्याचा लोंढा, गाळ आणि ओहोटीत उघडे पडणे यांनीही ते स्थानिक प्रमाणात घडते. १९६३ च्या ‘फ्लोरा’ चक्रीवादळानंतर जमैकात पावसाच्या पाण्याने झालेले विरंजन टी. एफ. गोरो यांनी वर्णिले आहे. शेकडो किलोमीटरवर एकाच वेळी दिसणाऱ्या सामूहिक विरंजनाचे कारण मात्र समुद्राच्या पाण्याची उष्णता हेच आहे. वारा पडलेला, समुद्र आरशासारखा आणि आकाश निरभ्र असेल तर प्रखर प्रकाशाची भर पडते.

स्थानिक उन्हाळ्यातील सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा तापमान १ अंश सेल्सिअसने वर गेले की ताण मोजायला सुरुवात होते. बारा आठवड्यांतील या जादा उष्णतेची बेरीज ‘अंश-आठवडे’ या एककात मांडतात. ४ अंश-आठवड्यांना लक्षणीय विरंजन आणि ८ ला मोठी प्राणहानी अपेक्षित असते. उंबरठा निरपेक्ष नाही. इराणच्या आखातातील प्रवाळ ज्या तापमानात तग धरतात, त्यात कॅरिबियनमधील मरतील.

पेशीच्या पातळीवर नेमके काय बिघडते यावर एकमत झालेले नाही. प्रचलित मतानुसार उष्णतेत शैवलाच्या प्रकाशयंत्रणेची दुरुस्ती मंदावते, शोषलेला प्रकाश वापरला जात नाही आणि त्यातून विघातक ऑक्सिजन-संयुगे तयार होऊन यजमान पेशीला इजा करतात. काहींच्या मते पहिला बिघाड कार्बन स्थिर करणाऱ्या विकरांत होतो आणि प्रकाशयंत्रणेचा बिघाड हा त्याचा परिणाम असतो. अंधारात ठेवलेले प्रवाळही उष्णतेने विरंजित होतात, या निरीक्षणामुळे प्रकाशावर सारा भार टाकणे कठीण झाले आहे. २०२१ मध्ये पुढे आलेल्या मांडणीप्रमाणे उष्णतेत यजमानाची ऊर्जेची भूक वाढते, तो अमिनो आम्ले जाळतो, त्यातून सुटणाऱ्या अमोनियमवर शैवले स्वतःच वाढतात आणि यजमानाला अन्न देणे कमी करतात. म्हणजे पांढरे पडण्यापूर्वीच भागीदारी मोडलेली असते. ही मांडणी अधिक निरीक्षणांना सामावून घेते, म्हणून तिच्याकडे कल वाढता आहे. भूमध्य समुद्रातील ओक्युलिना प्रवाळाबाबत १९९० च्या दशकात सांगितलेले जिवाणूजन्य कारण पुढील तपासण्यांत टिकले नाही.

विरंजन हा अनुकूलनाचाच मार्ग आहे, जुनी शैवले टाकून प्रवाळ अधिक काटक शैवले घेतो, हे गृहीतक १९९३ मध्ये बडमायर व फॉटिन यांनी मांडले. शैवलांची अदलाबदल काही जातींत खरोखर दिसली आहे. मात्र बहुधा ती बाहेरून नवी शैवले घेऊन नव्हे, तर आत आधीच अल्प प्रमाणात असलेल्या शैवलांच्या वाढीने होते.

इतिहास : सामूहिक विरंजन नवे की जुने, हा वादाचा विषय आहे. ग्रेट बॅरिअर रीफवरील पोराइटिस प्रवाळांच्या गाभ्यांत (सांगाड्यातून छिद्र पाडून काढलेल्या नमुन्यांत) १५७५ पासून विरंजनाच्या खुणा आढळतात, असा दावा २०१८ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी त्याच्या पद्धतीवर गंभीर आक्षेप आले आणि ते सयुक्तिक वाटतात. नि:संदिग्ध नोंदी १९८० च्या दशकापासून मिळतात. १९८२–८३ च्या एल निन्योत पनामा व गालापागोस येथे झालेला संहार पीटर ग्लिन यांनी नोंदवला. पहिले जागतिक विरंजन १९९८ चे. त्यात जगातील सुमारे १६ टक्के प्रवाळ नष्ट वा गंभीर बाधित झाल्याचा अंदाज आहे. पुढची २०१० आणि २०१४–१७ मध्ये आली. चौथे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले व त्यात जगातील सुमारे ८४ टक्के भित्तीक्षेत्राला विरंजनकारी उष्णता लागली. ग्रेट बॅरिअर रीफवर २०१६, २०१७, २०२०, २०२२, २०२४ आणि २०२५ अशी सामूहिक विरंजने झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या स्कॉट रीफला १९९८ नंतर पूर्वपदावर येण्यास सुमारे बारा वर्षे लागली होती, आणि ती भित्ती मानवी उपद्रवापासून दूर होती. अलीकडच्या दोन उष्णतालाटांमध्ये तेवढा अवकाश उरलेलाच नाही, ही या विषयातील सर्वांत चिंतेची बाब आहे.

परिणाम : ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या जाती प्रथम मरतात. गोलसर पोराइटिस अधिक टिकतात. त्यामुळे वाचलेली भित्ती सपाट होत जाते आणि फांद्यांत लपणाऱ्या लहान माशांचा आसरा जातो. प्रवाळावरच जगणारे फुलपाखरू मासे लवकर घटतात. जगलेल्या प्रवाळांत रोग वाढतात आणि प्रजनन पुढील एक-दोन हंगाम मंदावते. मृत सांगाडा पोखरला जाऊन कोसळला की लाटा अडवण्याची शक्ती कमी होते. हवामान बदलाच्या आंतरशासकीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार १.५ अंश तापमानवाढीत उष्ण कटिबंधीय भित्ती ७० ते ९० टक्क्यांनी, तर २ अंशांत ९९ टक्क्यांहून अधिक घटतील.

भारत : १९९८ च्या पाहणीत लक्षद्वीप व मन्नारच्या आखातात ८० टक्क्यांहून अधिक प्रवाळ विरंजित आढळले, कच्छच्या आखातात सुमारे ११ टक्के. लक्षद्वीपवर २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पुन्हा आघात झाले. कवरत्ती, अगत्ती व कडमत येथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ मधील सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत २० टक्क्यांखाली आले. ही बेटे प्रवाळाचीच बनलेली आहेत. गळ-काठीने कुप्पा (ट्यूना मासा) पकडण्यासाठी लागणारे जिवंत आमिष खाजणातल्या लहान माशांचेच असते, म्हणून तेथे भित्तीची हानी थेट चुलीपर्यंत पोचते. अंदमानात २०१० चे विरंजन तीव्र होते.

महाराष्ट्रात मालवणच्या सागरी अभयारण्यात (स्थापना १९८७) उथळ खडकांवर प्रवाळ आहेत आणि तेथेही गेल्या दशकात विरंजन नोंदले गेले. तेथील पाणी गढूळ असल्याने प्रकाशाचा ताण कमी, पण गाळ व पर्यटकांच्या पायांचा उपद्रव जास्त. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळ उंचवटा आहे. त्याचा माथा सुमारे २० मीटर खोल आहे.