पिल्लांचा पिसारा (कोकण किनाऱ्यावरील पक्ष्यांच्या संदर्भात)

पिल्लांचा पिसारा : पिल्लाच्या अंगावरची लव जाऊन जी पहिली खरी पिसे येतात, त्यांचा रंग पुष्कळ जातींत आईबापांच्या रंगाहून निराळा असतो. या अवस्थेला अपक्व पिसारा म्हणतात. लहान पक्ष्यांत तो बहुधा काही आठवड्यांतच झडू लागतो. मोठे शिकारी पक्षी मात्र चार-पाच वर्षे टप्प्याटप्प्याने रूप पालटत राहतात.

पूर्ण वाढलेले पीस हे केराटीन या प्रथिनाचे मृत अंग असते. उन्हाने विटणे व कडा झिजणे सोडल्यास त्याचा रंग बदलत नाही. नव्या रंगासाठी जुने पीस गळून (निर्मोचन) नवे उगवावे लागते. काळा, तपकिरी व तांबूस हे रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचे, पिवळा व लाल बहुधा अन्नातून आलेल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचे, तर चकाकी पिसाच्या सूक्ष्म रचनेची. पिल्लाची पिसे एकाच वेळी आणि घाईने वाढतात. त्यामुळे त्यांचे तंतू सैल गुंफलेले राहतात, आणि खर्चिक रंगाला तेथे फारसा वाव नसतो.

वर्गीकरण : डार्विन यांनी १८७१ मध्ये पिल्ले व प्रौढ यांच्या रंगसंबंधाचे सहा वर्ग मांडले. नर मादीहून भडक असेल तर पिल्ले मादीसारखी दिसतात, हा पहिला वर्ग; कोकणातील परसदारी दिसणारा शिंजीर त्यात बसतो. भातखाचरांतील रंगीत पाणलाव्याची गोष्ट उलटी आहे. तेथे मादी अधिक रंगीत असते, अंडी उबवणे व पिल्ले सांभाळणे नराकडे असते आणि पिल्ले नरावर जातात. नर-मादी सारखे, पण पिल्लाचा रंग स्वतंत्र, हाही एक वर्ग असून समुद्री गरुड त्याचे ठळक उदाहरण होय.

परिभाषेचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पक्षिशास्त्रज्ञ ड्वाइट यांनी १९०० मध्ये निर्मोचनाचा क्रम ऋतू व वय यांच्या आधारे लावला. हम्फ्री व पार्क्स यांनी १९५९ मध्ये ऋतू व विणीशी जोडलेली नावे टाकून ‘मूळ पिसारा’ (वर्षातून एकदा सर्व पिसे बदलून येणारा) व ‘पर्यायी पिसारा’ (त्याखेरीज काही काळापुरता येणारा) अशा तटस्थ संज्ञा सुचवल्या. २००३ मध्ये हॉवेल व सहकाऱ्यांनी पिल्लाचा पहिला पिसारा हाच ‘पहिला मूळ पिसारा’ मानावा, अशी दुरुस्ती मांडली. क्षेत्रनिरीक्षकाला तिचा उपयोग बेताचाच. वेगवेगळ्या जातींच्या पिसाऱ्यांची तुलना करणाऱ्याला मात्र ती सोयीची आहे, आणि या नोंदीचा कलही तिच्याकडेच आहे.

किनाऱ्यावरील उदाहरणे : पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड किनारी भागात काकण या नावाने ओळखला जातो. प्रौढाचे डोके, पोट व शेपटी पांढरी आणि पाठ राखाडी असते. पिल्लू तपकिरी व डोक्याला फिकट असते. प्रौढाचा रंग यायला साधारण चार ते पाच वर्षे लागतात. मधल्या अवस्थेतील चितकबऱ्या पक्ष्याला नवखा निरीक्षक वेगळीच जात समजतो. ब्राह्मणी घारीचे पिल्लूही तपकिरी असते. साध्या घारीची शेपटी दुभंगलेली, तर हिची टोकाला गोल, ही त्यांतली खूण.

कोकिळेच्या पिल्लाबद्दल मतभेद अधिक आहेत. प्रौढ नर चकचकीत काळा, मादी तपकिरी व पांढऱ्या ठिपक्यांची. भारतातील कोवळे पिल्लू, नर असो की मादी, काळपट नरासारखेच दिसते. त्याची चोचही काळी असते, तर प्रौढाची फिकट हिरवट. ते कावळ्याच्या घरट्यात वाढत असल्याने हा रंग कावळ्याच्या पिल्लाची नक्कल असावा, असे एक मत आहे. ऑस्ट्रेलियात कोकीळकुळातील जवळच्या पक्ष्याची पिल्ले मधुभक्षी पक्ष्यांकडे वाढतात व तपकिरी दिसतात, हा त्याला पुरावा म्हणून दिला जातो. दुसरा पक्ष म्हणतो की कावळा घरट्यातले पिल्लू निवडून टाकतो असे क्वचितच दिसते. मग नकलेची गरज काय? प्रौढ कोकिळेला कावळे पिटाळून लावतात आणि तिच्याच पिल्लाला घास भरवतात, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वापरता येते. नकलेचे मत आकर्षक असले, तरी ते सिद्ध झाल्याप्रमाणे मांडले जाते, ते घाईचे वाटते.

समुद्री बगळ्यात गोंधळ वेगळा आहे. खडकाळ किनाऱ्यावर याचे करडे व पांढरे असे दोन प्रकार एकत्र दिसतात, तेव्हा पांढरा म्हणजे पिल्लू असा समज होतो. हा भेद वयाचा नसून आनुवंशिक बहुरूपतेचा आहे. दोन्ही प्रकारांची आपसांत वीण होते, हे गुजरातेत भावनगर येथे नोंदले गेले आहे. वयाचा फरक त्यावर आणखी चढतो, तो निराळा.

कारणमीमांसा : सड्यावरील (कातळाच्या पठारावरील) टिटवीच्या पिल्लांत लपणे हे कारण स्पष्ट आहे. इशारा होताच ती कातळाला चिकटून बसतात आणि डोळ्यांदेखत नाहीशी होतात. कोवळ्या नरांचा अपक्व रंग हा मादी असल्याचे भासवून प्रौढ नरांना फसवण्यासाठी असतो असे संशोधक रोवर व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये सुचवले; लायन व मॉन्टगोमेरी यांनी १९८६ मध्ये तो दुय्यमपणाचा, म्हणजे आपण तोलामोलाचे प्रतिस्पर्धी नाही हे कळवणारा, खरा संकेत मानला. पहिल्या मताला जोड देणाऱ्या निरीक्षणांपेक्षा दुसऱ्याच्या बाजूचा पुरावा अधिक सहज पटतो. सर्वत्र हेच लागू पडत नाही. लायन व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अमेरिकन वारकरी (कूट) या पाणपक्ष्यांच्या पिल्लांची नारिंगी पिसांची टोके कापली, तेव्हा आईबापांनी न कापलेल्या पिल्लांना जास्त भरवले. म्हणजे तेथे पिल्लाचा भडकपणा पालकांकडून अन्न मिळवण्याचे साधन ठरतो.

हिवाळ्यात बंदरांवर जमणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरव या समुद्रपक्ष्याची वीण लडाख, तिबेट व मध्य आशियात होते, म्हणून त्याची घरटी व लवेतली पिल्ले कोकणात दिसत नाहीत. थव्यात ज्या पक्ष्यांच्या शेपटीला काळी पट्टी व पंखांवर तपकिरी छटा असते, ते नुकत्याच सरलेल्या उन्हाळ्यात जन्मलेले समजावेत.