शक्तिशाली हवाई रायफलची चाचणी आणि हवेचा पुरवठा : पार्श्वभूमी

शक्तिशाली हवाई रायफलची चाचणी घेताना पहिले दहा छर्रे जवळजवळ एकाच छिद्रात जावेत आणि पंचविसाव्या छर्‍यापासून नेम हळूहळू खाली उतरू लागावा, हा अनुभव या विषयात काही काळ घालवलेल्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. अशा वेळी संशय आधी स्कोपवर, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीवर, जातो, मग छर्‍यांवर, मग स्वतःच्या हातावर. रायफलच्या पोटातील हवेची आठवण होते ती बाकीचे उपाय थकल्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. या शस्त्राचा सुमारे साडेचारशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो मुख्यतः हवा कोंडून ठेवण्याचा, ती मापाने सोडण्याचा आणि तिची गळती रोखण्याचा इतिहास आहे, आणि आज चाचणीच्या टेबलावर जे दोष समोर येतात त्यांतील बहुतेक दोष या प्रवासाच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर आधीच भेटलेले आहेत.

स्टॉकहोममधील राजघराण्याच्या शस्त्रसंग्रहालयात सुमारे १५८० सालची एक हवाई बंदूक जतन केलेली आहे आणि टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या हवाई बंदुकांत तिची गणना होते. सतराव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समधील लिझ्यू येथील कारागीर मारँ बूर्ज्वा यांनी राजा चौथा हेन्री याच्यासाठी साठवलेल्या हवेवर चालणारी बंदूक तयार केली. रॉबर्ट बॉइल यांनी हवेचा दाब आणि आकारमान यांचे व्यस्त नाते प्रसिद्ध केले ते १६६२ मध्ये. म्हणजे हवा अधिक दाबली की गोळी अधिक जोराने सुटते हे कारागिरांच्या हातांना आधी कळले होते आणि त्यामागचा नियम नंतर लिहिला गेला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण हवाई रायफलच्या दुरुस्तीत आजही हाताला लागणारी खूण आधी येते आणि हिशेब मागाहून जुळतो.

या इतिहासातील सर्वांत भरीव प्रकरण बार्टोलोमिओ जिरार्डोनी यांच्या रायफलचे आहे. टायरॉल भागातील या कारागिराची रायफल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० मध्ये स्वीकारली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी होती. लोखंडी पत्र्याची ही टाकी हातपंपाने भरण्यासाठी सुमारे दीड हजार झटके मारावे लागत. नळीच्या बाजूला वीस-बावीस शिशाच्या गोळ्यांची लांब नलिका असे आणि गोळ्यांचा व्यास सुमारे पावणेबारा मिलिमीटर होता. एकेक गोळी तोंडातून ठासून भरण्याच्या त्या काळात एवढ्या गोळ्या लागोपाठ, धुराशिवाय आणि दारूच्या स्फोटाशिवाय झाडणारे शस्त्र सैनिकाच्या हाती देणे हे मोठे धाडस होते. सैनिकाला बंदुकीवरच्या टाकीखेरीज आणखी दोन भरलेल्या टाक्या दिल्या जात, कारण लढाईच्या मैदानावर दीड हजार झटके मारण्याइतका अवधी कोणालाच मिळत नाही.

मात्र याच रायफलने हवेच्या पुरवठ्याचे जवळजवळ सगळे प्रश्न एकदम पुढे आणले. टाकीतील दाब दर गोळीगणिक उतरत असल्यामुळे शेवटच्या गोळ्यांचा जोर पहिल्या गोळ्यांपेक्षा कमी पडे. चामड्याचे जोड ओलसर आणि फुगलेले ठेवावे लागत. ते सुकले की हवा निसटू लागे. टाक्या बनवणे अवघड होते, त्या सांभाळण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागे, आणि टाकी फुटली किंवा गळू लागली की उरलेले शस्त्र निरुपयोगी ठरे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही रायफल सैन्यातून बाहेर पडली. तिच्या अचूकतेविषयी फारशी तक्रार नव्हती, तिला हरवले ते हवेच्या देखभालीने.

त्याच काळात अमेरिकेत संशोधक मेरिवेदर लुइस यांच्या मोहिमेबरोबर एक हवाई रायफल पश्चिमेकडे गेली. सप्टेंबर १८०३ मध्ये ती पाहिलेल्या थॉमस रॉडनी यांनी एकदा भरलेल्या हवेवर बावीस गोळ्या सुटतात, अशी नोंद केली असून त्या वर्णनावरून ती जिरार्डोनी पद्धतीची असावी, असे अभ्यासक मानतात. माझ्या दृष्टीने मात्र लुइस यांच्या रोजनिशीतील दुरुस्तीच्या नोंदी अधिक मोलाच्या आहेत. १० जून १८०५ रोजी जॉन शील्ड्स या पथकातील कारागिराने तिची मुख्य स्प्रिंग नवी करून दिली. ७ ऑगस्ट रोजी रायफल पुन्हा बिघडलेली आढळली, तिची साइट, म्हणजे नेम धरण्याची खूण, निसटली होती, आणि लुइस यांनी ती जागेवर बसवून, नेम जुळवून घेतल्यावर ती पूर्वीइतकीच चांगली चालू लागली. जिथे गोळी सोडण्यासाठी झडप ठोकून उघडावी लागते, तिथे मुख्य स्प्रिंग थकली की झडप पुरेशी उघडत नाही आणि टाकी भरलेली असूनही गोळी मंद सुटते. आज हॅमरची, म्हणजे झडपेला ठोकणार्‍या भागाची, स्प्रिंग तपासणारा माणूस हेच काम करत असतो.

त्यानंतरचा मोठा काळ साठवलेल्या हवेला बाजूला ठेवणारा होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्प्रिंग आणि दट्ट्याच्या रायफली घरोघरी पोहोचल्या, कारण त्यांत प्रत्येक छर्‍यासाठी हवा त्याच क्षणी दाबली जाते आणि गळायला काही साठा उरतच नाही. पुढे द्रवरूप कार्बन डायऑक्साइडवर चालणार्‍या बंदुका आल्या. २० अंश सेल्सिअसला या वायूचा दाब सुमारे ५७ बार (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा दाब) असतो आणि शून्य अंशाला तो सुमारे ३५ बारपर्यंत उतरतो, त्यामुळे थंडीत त्या मलूल होतात. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर हवाई रायफल स्पर्धा प्रथम आली. पुढच्या काळात या स्पर्धेतही नेमबाज कार्बन डायऑक्साइडकडून दाबलेल्या हवेकडे वळले, आणि त्याचे एक कारण हा तापमानाचा परिणाम होता.

साठवलेली हवा परत आली ती इतर क्षेत्रांनी तयार करून ठेवलेल्या साधनांच्या बळावर. जन्माने डॅनिश असलेले अमेरिकी यंत्रज्ञ नील्स क्रिस्टेन्सन यांना १९३९ मध्ये ओ-रिंगचे पेटंट मिळाले आणि दुसर्‍या महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणांत तिचा सर्रास वापर झाला. खाचेत बसवलेले हे रबरी कडे दाबामुळेच खाचेच्या भिंतीवर रेलते आणि अधिक घट्ट बसते. चामड्याला जे कधी जमले नाही ते तिने साधले. १९४३ मध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाण्यात बुडी मारणार्‍यांसाठी श्वसनाचा रेग्युलेटर सिद्ध केला आणि पाण्याखाली जाण्याच्या छंदाबरोबर २०० बारच्या आसपासचे सिलिंडर व ते भरणारे कॉम्प्रेसर सर्वत्र मिळू लागले. जनावरांना गुंगीचे इंजेक्शन मारण्याच्या बंदुका बनवणार्‍या डेस्टेट या ब्रिटिश कंपनीने या साधनांचा उपयोग करून आधुनिक भरलेल्या हवेच्या रायफलीला, म्हणजे आज ज्यांना पीसीपी म्हणतात त्या प्रकाराला, ऐंशीच्या दशकात वाट करून दिली. पुढे तीन टप्प्यांचे हातपंप आले आणि सिलिंडर नसलेल्या माणसालाही २०० बारपर्यंत रायफल भरता येऊ लागली.

चाचणीचा इतिहास याला समांतर चालला. बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये लोंबत्या ठोकळ्यावर गोळी मारून त्याच्या झोक्यावरून वेग काढण्याची पद्धत मांडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियमचे ल बुलांजे यांचे दोन तारा तोडून वेळ मोजणारे यंत्र तोफखान्यांत रूढ झाले. आता दोन प्रकाशसंवेदकांमधील वेळ मोजणारा छोटा क्रोनोग्राफ कोणालाही विकत घेता येतो. ब्रिटनमध्ये १९६९ च्या नियमांनी परवान्याशिवायच्या हवाई रायफलीला छर्‍याच्या ऊर्जेची १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ जूल, ही मर्यादा घातली आणि त्यामुळे वेग मोजणे ही कायद्याचीही गरज बनली. तुलनेसाठी सांगायचे तर अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सोडणारी स्पर्धेची रायफल साधारण साडेसात जूल देते, तर १.१७ ग्रॅमचा छर्रा २७० मीटर वेगाने सोडणारी रायफल ४२ जूलच्या पुढे जाते आणि त्या मानाने हवाही कितीतरी अधिक खाते.

क्रोनोग्राफमुळे जुने कोडे आकड्यांत दिसू लागले. दाब एकसारखा ठेवणारा रेग्युलेटर नसलेल्या रायफलमध्ये टाकीतील दाब झडपेला बंद ठेवू पाहतो आणि हॅमर तिला ठोकून उघडतो. दाब फार असला की झडप क्षणभरच उघडते आणि हवा थोडी सुटते. दाब उतरत गेला की झडप अधिक वेळ उघडी राहते आणि कमी दाबाची भरपाई अधिक हवेने होते. आणखी उतरला की भरपाई पुरत नाही. म्हणून वेगाचा आलेख आधी चढतो, मध्ये सपाट राहतो आणि मग घसरतो. निर्मात्याने सांगितल्यापेक्षा जास्त हवा भरली तर झडप जेमतेम उघडते आणि पहिले छर्रे मंद जातात. ते पाहून शक्ती कमी पडली असे समजून आणखी हवा भरणार्‍यांना मी पाहिले आहे, आणि ही चूक धोक्याचीही आहे.

यावरचा उपाय म्हणजे रेग्युलेटर. टाकी आणि झडप यांच्यामध्ये बसणारा हा छोटा दट्ट्या बशीच्या आकाराच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो आणि ठरलेला दाब, समजा १३० बार, होताच पुढील कप्प्याचा पुरवठा बंद करतो. टाकी २०० वरून १३० वर येईपर्यंत प्रत्येक छर्‍यामागे तोच दाब मिळतो. पण जिरार्डोनी यांच्या रायफलमध्ये नसलेला एक नवा दोषही त्याच्याबरोबर आला. रेग्युलेटरची बैठक, म्हणजे दट्ट्या जिथे टेकून हवा अडवतो ती जागा, झिजली किंवा तिच्यावर कण बसला की रायफल पडून असताना हवा हळूहळू पुढे झिरपते आणि रात्रभर ठेवलेल्या रायफलचा पहिला छर्रा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या वेगाने जातो. म्हणूनच चाचणीत पहिला छर्रा वगळण्याची सवय मला पटत नाही. रेग्युलेटरची प्रकृती तोच सांगतो.

प्रारंभी सांगितलेल्या पंचविसाव्या छर्‍याचे कोडे आता हिशेबाने सुटते. २५० घनसेंटिमीटरची टाकी २०० बारवरून १२० वर आली की वातावरणाच्या दाबाला मोजलेली २० लिटर हवा खर्च होते. ४० जूलच्या छर्‍याला अर्धा ते पाऊण लिटर हवा लागते असे धरले, तर सत्तावीस ते चाळीस छर्रे निघतात. नेम या आकड्याच्या जवळ उतरत असेल तर रायफल निर्दोष आहे आणि फक्त हवा संपली आहे. तो दहाव्या छर्‍यालाच उतरू लागला, तर मात्र शोध घ्यावा लागतो.

तो शोध गळतीच्या जागेपासून सुरू होतो, कारण जागा सापडली की दोष जवळजवळ ओळखला जातो. नळीच्या तोंडातून हवा येत असेल तर मुख्य झडपेची बैठक खराब आहे. रेग्युलेटरच्या बाजूच्या बारीक छिद्रातून येत असेल तर त्याची ओ-रिंग गेली आहे. भरण्याच्या तोंडाशी बुडबुडे दिसत असतील तर एकमार्गी झडपेत कचरा आहे. हे पाहायला साबणाचे पाणी पुरते. पूर्ण रिकामी झालेली काही बनावटीची रायफल हवा घेतच नाही, कारण हॅमरची स्प्रिंग झडपेवर रेललेली असते आणि झडप बंद ठेवायला आत दाब नसतो. अशा वेळी रायफल कॉक करून, म्हणजे हॅमर मागे ओढून अडकवून, नळी रिकामी असल्याची खात्री करून आणि ती सुरक्षित दिशेला धरून भरली की प्रश्न मिटतो. कोणताही जोड उघडण्यापूर्वी मात्र सगळी हवा सोडून दिलीच पाहिजे, कारण दाबाखालील सुटा भाग गोळीसारखाच सुटतो.

दाबमापकाचा काटा उतरला म्हणजे गळती आहेच, असेही नाही. ३० अंश सेल्सिअसला २०० बार भरलेली टाकी रात्री १५ अंशांवर आली की, एक थेंबही हवा न निसटता, सुमारे १९० बार दाखवते. घाईने भरलेल्या टाकीतही हेच घडते, कारण दाबताना हवा तापते आणि निवल्यावर दाब उतरतो. त्यामुळे गळतीची परीक्षा भरल्यानंतर काही तासांनी आणि त्याच तापमानाला घ्यावी. ओलाव्याचा दोष याहून छुपा आहे. ३० अंशाच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ असते. ती दाबली गेली की पाणी होऊन टाकीत उतरते, पोलादाला गंज चढवते आणि गंजाचा कण रेग्युलेटरच्या बैठकीवर जाऊन बसतो. हातपंपाला शोषक गाळणी लावण्याचे कारण हे आहे. ओ-रिंगला खनिज तेल लावू नये, कारण जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते. सिलिकोनचे वंगण चालते. टाकीत शुद्ध ऑक्सिजन तर कधीही भरू नये.

अलीकडच्या काळात ३०० बारचे कार्बन फायबरचे सिलिंडर रूढ झाले आहेत. त्यांची वाट अग्निशमन दलांसाठी श्वसनयंत्रे हलकी करण्याच्या नासाच्या सत्तरच्या दशकातील प्रकल्पाने सोपी केली. ३०० बारला हवा आदर्श वायूसारखी वागत नाही, म्हणून त्यात २०० बारच्या दीडपट हवा मावत नाही, थोडी कमीच मावते. छर्‍यांचा हिशेब करताना हा फरक धरावा लागतो. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेच्या रायफलवरील सिलिंडरची वैधता जास्तीत जास्त १० वर्षे असते आणि ती तारीख पाहण्याची जबाबदारी खेळाडूवर असते. चाचणीला बसताना क्रोनोग्राफ मांडण्याआधी मी सिलिंडरवरची ती तारीख वाचतो.