पुढला बिरेक

"पुढला बिरेक नको दाबू रे भो, तोंडवर पडशी."

आप्पांनी मला मोटारसायकल शिकवली ती पांझराकाठच्या आमच्या गावात, खळ्यावर. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. क्लच, गिअर, रेस सगळं त्यांनी हात धरून शिकवलं, पण उजव्या मुठीवरच्या, म्हणजे पुढच्या चाकाच्या ब्रेकबद्दल एवढं एकच वाक्य. ते स्वतःही तो कधी वापरत नसत. त्यांच्या गाडीचे मागचे लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासपट्ट्या, मिस्तरीने कितीदा बदलले असतील याची गणती नाही. पुढचे मात्र कंपनीतून आले तसेच.

पुढे एका कार्तिकात अमळनेर रस्त्यावर कापसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली शेतातून अचानक रस्त्यावर आली. आप्पा साठच्या आसपास असतील. त्यांनी सगळा जोर उजव्या पायावर दिला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी फरफटत आडवी होत गेली आणि ट्रॉलीच्या फाळक्यावर आदळली. खांद्याजवळचं हाड मोडलं, आप्पा वाचले. रस्त्यावरची काळी रेघ मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिली. ती लांबलचक होती, आणि एकाच चाकाची होती.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. ती रेघ पाहिल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. त्यातले सगळे अपघात ब्रेकमुळे झाले असं कुणी म्हणणार नाही. पण गाडीतला जास्त ताकदीचा ब्रेक आपण भीतीने बाजूला ठेवतो, हे मला फार लागतं. कारण ही भीती मोटारसायकलची नाहीच. ती सायकलीवरून आली आहे.

आधी ब्रेक लागताना काय होतं ते बघू. भरलेल्या एसटीत उभं असताना चालकाने ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो. पाय फरशीने धरून ठेवलेले असतात, वरच्या अंगाला मात्र पुढेच जायचं असतं. मोटारसायकलीचं तसंच. रस्ता चाकांना खालून मागे ओढतो, पण गाडी आणि आपण मिळून जे वजन आहे त्याचा मध्य जमिनीपासून बराच वर असतो. त्यामुळे सगळा भार पुढच्या चाकाकडे सरकतो. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलार होते आणि धुरा वर उचलला जातो. ब्रेक लागलेली मोटारसायकल बरोबर याच्या उलट वागते. तिचं पुढचं अंग जड होतं आणि मागचं हलकं.

आता आकडे. आपल्याकडची साधी १०० किंवा ११० सीसीची गाडी घ्या, वजन ११० किलो. चालवणारा ७० किलोचा. एकूण १८० किलो. उभ्या गाडीत साधारण ८५ किलो पुढच्या चाकावर आणि ९५ मागच्या चाकावर येतं असं धरू. दोन चाकांच्या आसांतलं अंतर सव्वा मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर. चांगल्या कोरड्या डांबरावर टायरची पकड अशी असते, की चाकावर १०० किलोचा भार असेल तर रस्ता त्याला सुमारे ८० किलोच्या जोराने मागे धरू शकतो. त्याहून जास्त मागितलं की चाक घसरतं.

या गाडीला दोन्ही ब्रेक पूर्ण क्षमतेने लावले तर जवळजवळ ७० किलो भार मागून पुढे जातो. पुढच्या चाकावर १५४ किलो, मागच्यावर उरतात २६. म्हणजे थांबवण्याच्या कामाच्या सात हिश्श्यांतले जवळपास सहा हिस्से पुढचं चाक करतं. मागच्या चाकाला काम करायची इच्छा असली तरी त्याच्या अंगावर भारच नसतो, तर ते रस्ता धरणार कशाने?

फक्त मागचा ब्रेक वापरणाऱ्याची अडचण याहून खोल आहे. मागचा ब्रेक दाबला तरी भार पुढेच जातो. म्हणजे तो जितका चांगला लागेल तितकं मागचं चाक हलकं होणार, आणि तितकी त्याची पकड कमी होणार. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासारखं आहे हे. उलट पुढचा ब्रेक जितका लागतो तितका भार पुढे येतो आणि त्याची पकड आणखी वाढते.

वरचीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर हिशोब असा निघतो: दोन्ही ब्रेक नीट वापरले तर ती सुमारे १८ मीटरमध्ये थांबते. फक्त पुढचा वापरला तर २३ मीटर. आणि फक्त मागचा वापरला तर ४६ मीटर. यात मेंदूला धोका कळून हात-पाय हलेपर्यंत जाणारा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तरी आणखी १७ मीटर जातात.

मला यातला एक आकडा झोपू देत नाही. दोन्ही ब्रेक वापरणारा ज्या जागी पूर्ण थांबलेला असतो, त्याच जागेवरून फक्त मागचा ब्रेक वापरणारा ताशी ४७ किलोमीटर वेगाने पुढे जात असतो. ट्रॉलीचं फाळकं तिथे असेल तर काय होईल हे सांगायला नको.

मग "तोंडवर पडशी" हे आलं कुठून? गाडी पुढच्या चाकावरून उलटायची असेल तर मागच्या चाकावरचा भार शून्य व्हावा लागतो. सायकलीवर बसलेल्या माणसाचं वजन सायकलीच्या कितीतरी पट असतं, आणि तो बसतो उंच. सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून मीटरभर वर जातो आणि पुढच्या आसाच्या मागे तो जेमतेम ६० सेंटिमीटरवर असतो. अशा सायकलीला उलटायला रस्त्याची अर्धी-पाऊण पकडसुद्धा पुरते. म्हणून लहानपणी पुढचा ब्रेक करकचून दाबला की आपण हँडलवरून जायचो, आणि तो धडा खरा होता. मोटारसायकलीत मात्र इंजिनाचं वजन खाली असतं, आसांतलं अंतर जास्त असतं. आपल्या ११० किलोच्या गाडीला उलटवायला १०० किलो भारामागे ११० किलोची पकड लागेल. डांबर देतं ८०. म्हणजे सपाट रस्त्यावर ती उलटायच्या आधीच तिचं चाक घसरेल. आप्पांच्या पिढीने आयुष्याचा पहिला भाग सायकलीवर काढला, आणि तिचा धडा तसाच्या तसा गाडीवर आणला.

पण पुढच्या ब्रेकने माणसं पडतात, हेही खोटं नाही. ती उलटून पडत नाहीत, घसरून पडतात. दुचाकी तोल सांभाळते ती हँडलच्या बारीक-बारीक हालचालींनी. पुढचं चाक फिरायचं थांबलं की या हालचालींचा उपयोगच संपतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी खाली जाते. मागचं चाक अडकलं तर शेपूट हलते, पण बहुतेक वेळा सावरायला थोडी उसंत मिळते. म्हणून पुढच्या ब्रेकची ताकद मोठी आणि चुकीची शिक्षाही मोठी.

ही चूक होते ती झटक्याने. भार पुढे यायला क्षणाचा काही भाग लागतो, पुढचे शॉकअप दबायला लागतात. भार अजून ८५ किलोच असताना १५४ किलोच्या हिशोबाने मूठ आवळली तर चाक अडकणारच. तेव्हा आधी हलकेच दाबायचं, गाडीचं नाक खाली बसलेलं हाताला जाणवलं की दाब वाढवत न्यायचा.  म्हशीची धार काढताना हाताचा दाब जसा वाढत जातो तसा तो असावा. ज्याने धार काढली आहे त्याला मी हे एका वाक्यात शिकवू शकतो. आणि क्लच? तो थांबायच्या अगदी शेवटी. आपल्याकडे घाबरलं की आधी क्लच दाबतात, म्हणजे इंजिन जी फुकटची ओढ देत असतं तीही सोडून देतात.

रस्ता बदलला की हिशोब बदलतो. पहिल्या पावसात धूळ आणि तेलाचा चिकट थर होतो. जून-जुलैत ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती रस्त्यावर येते, तिचा गारा साबणासारखा असतो. आणि आपल्या खानदेशचं खास म्हणजे रस्त्यावर वाळत घातलेला मका आणि दादर ज्वारी. दाण्यांवरून चाक जातं तेव्हा ते अक्षरशः छऱ्यांवर चालत असतं. अशा ठिकाणी पकड निम्मी किंवा त्याहून कमी होते. गाडी कमी जोराने थांबते, म्हणून भारही कमी सरकतो. पकड निम्मी झाली तर पुढे १२० किलो आणि मागे ६० राहतात. म्हणजे निसरड्यावर मागच्या ब्रेकचा वाटा सातव्या हिश्श्यावरून तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पुढचा सोडायचा नाही, पण दोन्ही अगदी हळुवार. प्रत्यक्ष दाण्यांवर किंवा गाऱ्यावर असताना तर ब्रेक न लावलेलाच बरा, वेग त्याच्या आधीच उतरवायचा.

मागे माणूस बसला असेल, दुधाच्या किटल्या असतील, चाऱ्याचा भारा असेल, तेव्हाही मागचं चाक जड होतं आणि मागचा ब्रेक जास्त कामाचा ठरतो.

घाटाचं वेगळं सांगायला हवं. चाळीसगावजवळचा कन्नडचा घाट, ज्याला औट्रम घाटही म्हणतात, किंवा नंदुरबारकडचा तोरणमाळचा रस्ता. उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे मी कायम पाहतो. दोन माणसं आणि गाडी मिळून २५० किलो धरा. तीनशे मीटर खाली उतरलं की जी ऊर्जा सुटते तिच्यात दोन लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता गेली पाहिजे कुठेतरी. न्यूट्रलमध्ये हवेची आणि रस्त्याची ओढ सोडली तर ती सगळी ब्रेकमध्ये जाते. एकूण सुटलेली ऊर्जा ताशी ६० वरून एकवीस वेळा थांबण्याइतकी होते, आणि तीही जवळजवळ सलग. मागचा ड्रम तापतो, लायनरची पकड सुटते, पेडल दाबलं जातं पण गाडी ऐकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर यातली बरीच उष्णता इंजिन घेतं. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी पेट्रोल मोजून सोडणारी इंजेक्शनची यंत्रणा आहे. गिअरमध्ये रेस सोडून उतरताना ती पेट्रोल बंदच करते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं थोडं देत राहते. ज्या पेट्रोलसाठी जीव टांगणीला लावायचा, ते वाचतही नाही.

वळणावर टायरची पकड दोन कामांत वाटली जाते, वळवणं आणि थांबवणं. एकाने जास्त घेतली तर दुसऱ्याला कमी उरते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असतानाच.

नव्या गाड्यांत मदत आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. चाकाचा वेग एकदम पडायला लागला, म्हणजे ते अडकायच्या बेतात आहे, हे त्यातला सेन्सर ओळखतो आणि ब्रेकचा दाब क्षणभर सैल करून पुन्हा लावतो. हे सेकंदात अनेकदा होतं. पण बऱ्याच गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. १२५ पर्यंतच्या बहुतेक गाड्यांना सीबीएस, म्हणजे जोडलेले ब्रेक, आहे: पेडल दाबलं की थोडा पुढचाही लागतो. आपल्या गावोगावच्या गाड्या बहुतेक याच गटातल्या. सीबीएस चाक अडकू देत नाही असा समज दिसतो, तो चुकीचा आहे. ते फक्त जोर वाटून देतं, तोही थोडासा. मूठ दाबायची ती आपणच. आणि पुढचा ब्रेक डिस्कचा असेल तर मुठीपाशी असलेलं त्याचं तेल दर दोन वर्षांनी बदलून घ्या. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि तापलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात.

गेल्या दिवाळीत भाचीला गाडी शिकवायची वेळ आली. सुट्टीमुळे मोकळं पडलेलं एक सिमेंटचं आवार मिळालं. मी एक वीट ठेवली आणि सांगितलं, ताशी तीसने ये, चाक विटेपाशी आलं की ब्रेक. पहिल्यांदा फक्त पायाचा. मी पावलं मोजली, सोळा. मग दोन्ही, पण हळूहळू वाढवत.

"मामा, पुढला दाबू? आप्पा तर नको म्हणतात."

"दाब. नाक खाली बसलं की मग आणखी."

पहिल्या दोन वेळा तिने घाबरून मूठ अर्ध्यातच सोडली. पाचव्या वेळी शॉकअप नीट दबले आणि गाडी सरळ रेषेत थांबली. आठ पावलं. भिंतीकडेला खुर्ची टाकून आप्पा बसले होते. ते उठून आले, वीट ते चाक स्वतः पुन्हा मोजलं, आणि तिच्याकडे किल्ली मागितली.